काळी लोकर, मेलॅनिन आणि जिवाणू : वाचकांचे प्रश्न

प्राण्यांच्या केसांतले काळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, वेगळे काढून जिवाणूरोधक म्हणून वापरता येईल का, याबद्दल महाविद्यालयांतून, प्रयोगशाळांतून आणि घोंगडी विकणाऱ्यांकडूनही पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. आकडे दख्खनी मेंढीची काळी लोकर धरून दिले आहेत, कारण बहुतेक पत्रांत तीच आहे. ही लोकर जाडीभरडी आहे आणि तिला भाव मिळत नाही. तिचा नवा उपयोग निघावा असे आम्हालाही मनापासून वाटते, आणि म्हणूनच दावा करण्याआधी काय तपासायचे यावर जास्त जागा खर्च केली आहे.

प्रश्न : "काळ्या घोंगडीत जंतू होत नाहीत" असे जुनी माणसे सांगतात. लेबलवर "जिवाणूरोधक" छापले तर चालेल का?
— घोंगडी विक्रेते, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : छापू नका. लोकरीच्या तंतूला बाहेरून खवल्यांचे आवरण असते आणि मेलॅनिनचे कण त्याच्या आत, गाभ्यात, केराटिन या प्रथिनात रुतलेले असतात. घोंगडीवर बसलेला जिवाणू त्या कणांपर्यंत पोचतच नाही. घोंगडीला घामाचा वास कमी येतो हे खरे, पण त्याचे कारण वेगळे आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषते आणि वासाचे रेणूही धरून ठेवते. जिवाणू मात्र तिच्यावर टिकून राहतात. काळी असो वा पांढरी, यात फरक पडत नाही. शिवाय ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. घोंगडी ओलसर जागी घडी करून ठेवली तर ही खळ बुरशीला आयते खाद्य ठरते, म्हणून पावसाळ्यात उन्हाची उघडीप मिळाली की घोंगडी वाळवण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला जरूर द्या.

या समजुतीच्या जवळचे एक निरीक्षण मात्र खरे आहे. पिसे कुजवणाऱ्या बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूच्या संवर्धनात काळी पिसे पांढऱ्या पिसांपेक्षा हळू कुजतात, असे प्रयोगांत दिसले आहे. यातून एवढेच कळते की मेलॅनिन असलेले केराटिन पचवायला जिवाणूला जड जाते. त्याने जिवाणू मरतो असे त्यातून निघत नाही. लेबलवर "नैसर्गिक काळा रंग, न रंगवलेली लोकर" असे लिहा. ते खरे आहे आणि विकलेही जाते.

प्रश्न : प्रकल्पासाठी काळी लोकर गोळा करायची आहे. कोणती घ्यावी? घरी आणून धुतली तर चालेल का?
— एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, सांगली

उत्तर : आधी सुरक्षिततेचे. मेंढीची लोकर आणि शेळीचे केस यांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू पसरू शकतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत लोकर निवडणाऱ्या कामगारांना याच रोगाने गाठले होते आणि त्याला लोकर निवडणाऱ्यांचा आजार असेच नाव पडले होते. साध्या उकळण्याने या बीजाणूंची खात्री देता येत नाही. म्हणून लोकर फक्त जिवंत, निरोगी, लसीकरण झालेल्या कळपातून कातरणीच्या वेळी घ्या. मेलेल्या जनावराची किंवा बाजारातली बेवारस लोकर घेऊ नका. आणलेली लोकर हाताळण्याआधी १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवा. पिशवी सैल भरा, नाहीतर वाफ मधोमध पोचत नाही. ऑटोक्लेव्हने तंतू कमजोर होतो, पण आपल्याला तो पुढे विरघळवायचाच आहे. घरी आणून धुऊ नका.

निवड करताना कातडीलगतचा भाग घ्या. उन्हाने टोके तांबूस पडतात, तिथले मेलॅनिन अर्धवट नष्ट झालेले असते. शेपटीजवळची, मुताने डागळलेली लोकर वगळा. त्याच कळपातली पांढरी लोकरही तेवढीच घ्या आणि काळीवर जे जे कराल ते सगळे तिच्यावरही करा. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ही पांढरी लोकर लागणार आहे.

उस्मानाबादी शेळीचे काळे केसही चालतात. चर्मोद्योगातून आलेले केस मात्र टाळा. ते काढताना चुना आणि सोडियम सल्फाइड वापरलेले असते. पुढे आम्ल घातले की त्यातून विषारी वायू निघतो, आणि मेलॅनिनने आधीच भरपूर कॅल्शियम धरून ठेवलेले असते.

लोकर विकत घेतली असेल तर ती रंगवलेली नाही ना हे पाहा. थोडी लोकर आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा पातळ अमोनियात उकळा. कापडावर रंग उतरला तर लोकर बाद. रंग पक्का असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट पाहा. नैसर्गिक काळ्या तंतूत गडद कण विखुरलेले दिसतात, रंगवलेला तंतू सलग एकसारखा दिसतो.

धुण्यासाठी ५० ते ५५ अंशांचे पाणी, लिटरला १ ग्रॅम नॉन-आयॉनिक डिटर्जंट, १५ मिनिटे नुसते बुडवून ठेवा. घुसळू नका, लोकर नमद्यासारखी आवळते आणि आतला मळ निघत नाही. असे दोनदा करा, मग साध्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. वाळल्यावर ॲसिटोनमध्ये तासभर ठेवून उरलेला मेणचट भाग काढा. ॲसिटोन ज्वालाग्राही आहे. जवळ हीटर नको.

प्रश्न : सोडियम हायड्रॉक्साइडने मेलॅनिन काढण्याची रीत प्रमाणांसह द्यावी. आमचा साका (आम्ल घातल्यावर खाली बसणारा पदार्थ) प्रत्येक वेळी वेगळा येतो आणि धुताना वाहून जातो.
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : १० ग्रॅम स्वच्छ काळी लोकर २-३ मिलिमीटर लांबीत कातरा. २०० मि.लि. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (८ ग्रॅम) काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या भांड्यात घ्या. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. ८० ते ८५ अंशांवर ढवळत ठेवा. तासाभरात तंतू दिसेनासे होतात. दोन तासांच्या पुढे तापवू नका. गरम अल्कलीत हवेचा ऑक्सिजन मेलॅनिन तोडत जातो, आणि तुमचा साका दर खेपेस वेगळा येण्याचे पहिले कारण बहुधा हेच आहे : वेळ आणि भांड्याचे तोंड किती उघडे, या दोन गोष्टी सारख्या ठेवलेल्या नसतात. नायट्रोजनची सोय असेल तर द्रावातून तो सोडत राहा.

थंड झाल्यावर बारीक नायलॉनच्या कापडातून गाळा. भांड्याच्या तळाशी काळा गाळ दिसेल. पुष्कळ जण फक्त वरचा तपकिरी द्राव घेतात आणि हा गाळ टाकून देतात. केसांतले मेलॅनिन अल्कलीत पूर्ण विरघळत नाही, बरेचसे त्या गाळातच असते. दोन्ही एकत्र ठेवा.

आता आम्ल. हे फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करायचे, याला पर्याय नाही. लोकरीत ३ ते ४ टक्के गंधक असते. अल्कलीत त्यातले काही सल्फाइड बनते आणि आम्ल पडताच हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन निघते. कुजलेल्या अंड्यांचा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नका. भांडे बर्फात ठेवून ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला. पीएच २ ला यायला साधारण ३५ ते ४० मि.लि. लागते. फेस खूप येतो, म्हणून ५०० मि.लि.चे भांडे घ्या. रात्रभर ठेवा. १०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट बळाने) १५ मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. इथे "आरपीएम" लिहून भागत नाही, रोटर बदलला की बळ बदलते.

या साक्यात अजून पुष्कळ केराटिन आहे. ते काढायला साका ५० मि.लि. ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रिफ्लक्स लावून (वाफ थंड होऊन परत भांड्यात पडेल असे) २४ तास उकळा. प्रथिन तुटून अमिनो आम्ले द्रावात जातात आणि मेलॅनिन मागे राहते. बाजारातले ३५-३७ टक्क्यांचे आम्ल तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यात घातले की जवळपास ६ मोलर होते. पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी नको.

धुताना साका वाहून जातो याचे कारण सोपे आहे. मेलॅनिनवर कार्बॉक्सिल गट असतात. पीएच उदासीन होत आला की ते ऋणभारित होतात, कण एकमेकांना ढकलतात आणि सेंट्रिफ्यूजमध्येही तळाला बसत नाहीत. साध्या पाण्याने तिसऱ्या-चौथ्या वेळी धुताना पाणी काळे दिसू लागते ते यामुळे. म्हणून धुण्याचे पाणी आम्लीय ठेवा : तीनदा ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, एकदा इथेनॉल, एकदा ॲसिटोन आणि शेवटी तीन-चारदा ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा. गढूळपणा आला तर क्लोराइड शिल्लक आहे, पुन्हा धुवा. मग डिस्टिल्ड पाण्याविरुद्ध डायलिसिस करून (साका सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीत भरून ती पाण्यात ठेवून) ॲसेटिक आम्लही काढून टाका, कारण तेही जिवाणू मारते.

वाळवायला ओव्हन वापरू नका. मेलॅनिनचा काचेसारखा कडक खडा होतो, तो पुन्हा पाण्यात नीट पसरत नाही. फ्रीझ ड्राय करा, किंवा ओला साकाच ४ अंशांवर ठेवून त्यातला घन भाग किती ते एकदा मोजून घ्या.

ही रीत स्वस्त आहे, पण तिने निघालेले मेलॅनिन केसातल्यासारखे राहत नाही. गरम आम्लात काही कार्बॉक्सिल गट गळून पडतात आणि कणांचा मूळ लांबट आकारही मोडतो. आकार जपायचा असेल तर एन्झाइमची रीत घ्या. १ ग्रॅम लोकर, २० मि.लि. ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर (पीएच ७.४), ०.१५ ग्रॅम डायथायोथ्रिटॉल (केराटिनमधले गंधकाचे बंध तोडणारे), २० मिलिग्रॅम प्रोटिनेज के (प्रथिन पचवणारे एन्झाइम). ३७ अंशांवर हलवत २४ तास. डायथायोथ्रिटॉल या पीएचला काही तासांत निकामी होते, म्हणून मधे एकदा ताजे घाला. न पचलेले तंतू दिसत असतील तर पपेन घेऊन दुसरी फेरी करा. शेवटी २ टक्के ट्रायटॉन एक्स-१०० या डिटर्जंटने चार तास धुऊन मग भरपूर पाण्याने धुवा. ट्रायटॉन उरला तर तोच जिवाणूंना त्रास देईल. या रीतीने मिळालेल्या कणांना थोडे प्रथिन चिकटून राहतेच, हे अहवालात लिहा.

प्रश्न : आम्हाला २२ टक्के मेलॅनिन मिळाले. हे चांगले आहे ना?
— त्याच प्रकारचे प्रश्न आणखी तिघांचे आहेत

उत्तर : दुर्दैवाने नाही. काळ्या केसांत मेलॅनिन वजनाच्या साधारण एक ते तीन टक्के असते. १० ग्रॅम लोकरीतून १०० ते ३०० मिलिग्रॅम. २२ टक्के आले याचा अर्थ बहुतेक सगळे अर्धवट तुटलेले केराटिन आहे. आम्लात उकळण्याची पायरी गाळली की असे होते.

नेहमीच्या रासायनिक चाचण्या इथे उपयोगी पडत नाहीत. पाण्यात-इथेनॉलमध्ये न विरघळणे, अल्कलीत विरघळणे, आम्लात साका येणे, हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग उडणे, हे सगळे ह्युमिनलाही लागू होते. प्रथिन आम्लात उकळताना ट्रिप्टोफॅनसारख्या अमिनो आम्लांपासून जो तपकिरी-काळा पदार्थ बनतो त्याला ह्युमिन म्हणतात. पांढऱ्या लोकरीवर हीच रीत करून पाहा, थोडा गडद साका तिथेही येईल. तो तुमचा ह्युमिनचा वाटा. काळ्याच्या वजनातून तो वजा केल्याशिवाय आकडा सांगू नका.

त्यापुढे, वर्णपट पाहा. मेलॅनिनचे शोषण अतिनील भागाकडून तांबड्याकडे सलग उतरत जाते, मधे कुठे शिखर नसते. २८० नॅनोमीटरला उंचवटा दिसला तर प्रथिन आहे. इन्फ्रारेडमध्ये १६५० आणि १५४० प्रति सेंटिमीटरच्या जवळ जोडीने ठळक पट्टे आले तरी केराटिनचाच संशय घ्या. इपीआरची (पदार्थातले एकटे इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या यंत्राची) सोय असेल तर २.००४ च्या आसपासच्या जी-मूल्याची एकेरी रेषा मिळते. पक्का पुरावा हवा असेल तर अल्कलाइन हायड्रोजन पेरॉक्साइडने विघटन करून पायरोल-२,३,५-ट्रायकार्बॉक्सिलिक आम्ल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजतात. काळ्या युमेलॅनिनची ती खूण आहे. जपानमधील शोसुके इतो आणि काझुमासा वाकामात्सु यांनी ही पद्धत बसवली आहे आणि जगभर तीच वापरली जाते.

प्रश्न : मेलॅनिन अल्कलीत विरघळवून चकतीवर लावले. स्टॅफिलोकोकस ऑरियसवर १४ मिलिमीटरचे वलय (चकतीभोवती जिवाणू न वाढलेला भाग) आले, पण पाण्यात मिसळून लावले तर काहीच नाही. कोणता निकाल खरा?
— सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पहिला निकाल मेलॅनिनचा नाही, सोडियम हायड्रॉक्साइडचा आहे. फक्त १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची चकती शेजारी ठेवा, तेवढेच वलय येईल. दुसऱ्या निकालातूनही काही सिद्ध होत नाही. चकतीची पद्धत अगारमधून, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीतून, पसरणाऱ्या औषधांसाठी आहे. मेलॅनिनचे कण जागचे हलत नाहीत, मग वलय येणार कुठून? ही पद्धतच सोडा. त्याऐवजी थेट संपर्काची चाचणी करा.

०.८५ टक्के सलाइनमध्ये मिलिलिटरला १ आणि ५ मिलिग्रॅम मेलॅनिन, त्यात मिलिलिटरला सुमारे दहा लाख जिवाणू, २५ अंशांवर १५० आरपीएमने हलवत. शून्य, १, ४ आणि २४ तासांनी नमुना घ्या. पोषक माध्यम इथे नको, त्यातली प्रथिने आणि क्षार मेलॅनिनवर चढून त्याचे काम झाकून टाकतात. प्रत्येक फ्लास्कचा एक जोडीदार फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवा. सोबतचे कंट्रोल (तुलनेचे नमुने) : नुसते सलाइन, पांढऱ्या लोकरीचा साका, मेलॅनिन भिजवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले पाणी. आणि तेवढ्याच वजनाची सक्रिय कोळशाची पूड.

गाळलेल्या पाण्यातही जिवाणू मेले तर दोष उरलेल्या आम्लाचा, अल्कलीचा किंवा धातूचा आहे. कोळशातही संख्या घटली तर जिवाणू मेलेले नसून कणांना चिकटले आहेत. एका कणावर पन्नास जिवाणू असले तरी प्लेटवर एकच कॉलनी उगवते. यासाठी प्लेटिंगच्या आधी नमुन्यात ०.१ टक्के ट्वीन ८० (चिकटलेले सोडवणारा साबणासारखा पदार्थ) घालून दोन मिनिटे व्हॉर्टेक्सवर जोरात घुसळा.

ओडी ६०० वर (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात द्राव किती गढूळ ते पाहून) वाढ मोजू नका, मेलॅनिन स्वतःच तो प्रकाश शोषते आणि हळूहळू खाली बसत असल्याने ब्लँक वजा करूनही आकडा फिरत राहतो. जिवंत जिवाणू ओळखायला वापरतात त्या रेझाझुरिनचा रंग मेलॅनिन जिवाणूंशिवायही बदलू शकते. जिवंत-मृत ओळखणारे चमकणारे रंग मेलॅनिन मंदावते. राहते ती जुनी, कष्टाची प्लेट मोजणी. तीच करा.

निकाल लॉगमध्ये लिहा (१ लॉग म्हणजे संख्या दहापट कमी). "९० टक्के जिवाणू मेले" हे ऐकायला मोठे वाटते, पण तो फक्त १ लॉग आहे. पोषक माध्यमात दर वीस मिनिटांना दुप्पट होणारा ई. कोलाय तेवढी भर तासा-सव्वातासात करतो. फिल्म किंवा प्लास्टिकसाठी आयएसओ २२१९६ आणि कापडासाठी आयएसओ २०७४३ किंवा एएटीसीसी १०० या प्रमाणित चाचण्या वापरा. जिवाणूंचे नोंदलेले वाण पुण्याच्या राष्ट्रीय रसायनशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या संग्रहाकडून घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच हाताळावा.

प्रश्न : इतक्या अडचणी असतील तर मेलॅनिन मुळात जिवाणू मारते तरी का?
— वाचक, नाशिक

उत्तर : तयार झालेले, निवांत मेलॅनिन फारसे मारत नाही, हे आमचे स्पष्ट मत आहे. निसर्गातही ते बऱ्याचदा उलट बाजूने उभे असते. क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्स ही रोगकारक बुरशी स्वतःभोवती मेलॅनिनचे कवच करून आपल्या पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून बचाव करते. कीटकांच्या जखमेवर काळा डाग येतो तेव्हा जंतू मरतात, पण मारण्याचे मोठे काम मेलॅनिन बनत असतानाचे मधले क्रियाशील पदार्थ करतात, क्विनोन आणि डायहायड्रॉक्सिइंडोल. साखळी पूर्ण होऊन काळा पदार्थ बनला की ती धार ओसरते.

तरीही त्याच्याकडे तीन गुण उरतात, आणि साहित्य म्हणून त्याची किंमत त्यांतच आहे. प्रकाश पडला की त्यातून थोडे सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. अंधारातल्या आणि उजेडातल्या फ्लास्कचा फरक यासाठीच पाहायचा. दुसरे, ते धातूंचे आयन घट्ट धरते. लोह पकडून जिवाणूची उपासमार करू शकते, किंवा तांबे-चांदी अंगावर वाहून नेऊ शकते. तिसरे, ते प्रकाशाची उष्णता करते. ८०८ नॅनोमीटरच्या लेझरने तापवलेले मेलॅनिन आजूबाजूचे जिवाणू भाजून मारते. त्यात "फक्त लेझर" हा कंट्रोल आणि तापमानाची नोंद हवीच, आणि डोळ्यांना त्या तरंगलांबीचा चष्मा.

पुष्कळ जण पॉलिडोपामिनलाही मेलॅनिन म्हणतात. ते २ मिलिग्रॅम प्रति मि.लि. डोपामिन पीएच ८.५ च्या ट्रिस बफरमध्ये ठेवून प्रयोगशाळेत बनते. २००७ साली ही रीत प्रसिद्ध झाली. त्यावरचे निकाल केसांच्या मेलॅनिनला जसेच्या तसे लावू नका.

प्रश्न : मेलॅनिन आणि जेंटामायसिन एकत्र दिले तर परिणाम वाढेल असे वाटले होते, उलट कमी झाला.
— औषधनिर्माणशास्त्र विद्यार्थी, नागपूर

उत्तर : निकाल बरोबर आहे. जेंटामायसिन, कॅनामायसिन ही औषधे धनभारित असतात आणि मेलॅनिन ऋणभारित. औषध मेलॅनिनला चिकटते आणि मोकळे औषध कमी उरते. याच गुणाचा उपयोग औषध हळूहळू सोडणारा साठा म्हणून करता येईल का, हा चांगला प्रकल्प होईल. सलाइनमध्ये किती तासांत किती औषध सुटते याचा आलेख आधी काढा.

प्रश्न : मेलॅनिनवर चांदी चढवून आवरण करायचे आहे. द्राव पांढरट होतो, मग जांभळट-करडा.
— वस्त्रतंत्रज्ञान विभाग, इचलकरंजी

उत्तर : ते सिल्व्हर क्लोराइड आहे. मेलॅनिन हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेले होते आणि क्लोराइड निघाले नव्हते, म्हणून वरच्या रीतीत शेवटचे धुणे ॲसेटिक आम्लाचे ठेवले आहे. पाणीही डिस्टिल्डच हवे, नळाचे नको.

१०० मिलिग्रॅम मेलॅनिन १०० मि.लि. डिस्टिल्ड पाण्यात पसरवा, १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घाला (म्हणजे १ मिलिमोलर), अंधारात रात्रभर ढवळा. मेलॅनिन स्वतःच चांदीच्या आयनांचे धातूच्या सूक्ष्म कणांत रूपांतर करते, वेगळे क्षपणक (आयनांचा धातू करणारे रसायन) लागत नाही. मोकळी चांदी धुऊन काढा आणि किती बसली ते अ‍ॅटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर मोजा. तांबे चढवायचे असेल तर पीएच ५ ते ५.५ ठेवा, सहाच्या वर हायड्रॉक्साइडचा निळसर गाळ पडतो आणि तो चढलेल्या तांब्यात मोजला जातो.

जिवाणूंची चाचणी करताना नमुन्यासोबत चांदी प्लेटवर जाऊन तिथेही जिवाणू मारत राहते. नमुना घेतल्या क्षणी सोडियम थायोग्लायकोलेट आणि सोडियम थायोसल्फेट असलेल्या द्रवात टाकून तिचे काम थांबवा, आणि हा द्रव स्वतः जिवाणू मारत नाही हे वेगळे तपासा. कापडाबाबत दहा धुण्यांनंतर चांदी किती उरते आणि धुण्याच्या पाण्यात किती जाते, हे दोन्ही आकडे द्या. तुमच्या आवरणाचे श्रेय नक्की कोणाला, चांदीला की मेलॅनिनला, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. आमच्या मते मारते चांदी. मेलॅनिन तिला धरून ठेवते आणि बेताबेताने सोडते. हेही मोठे काम आहे, तसेच लिहा.

प्रश्न : कोळंबीच्या टरफलातल्या कायटोसानमध्ये मेलॅनिन मिसळून जखमेची पट्टी करता येईल?
— नवउद्योजक, रत्नागिरी

उत्तर : फिल्म होईल, पण मेलॅनिनचा परिणाम त्यात कळणार नाही. कायटोसान आम्लीय स्थितीत स्वतःच जिवाणूरोधक आहे आणि त्याला विरघळवणारे १ टक्का ॲसेटिक आम्लही. मेलॅनिन तपासायचे असेल तर अल्जिनेट किंवा पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हे फिल्म बनवणारे पदार्थ घ्या, आणि मेलॅनिनशिवायची फिल्म सोबत तपासा. जखमेवरची पट्टी हे वैद्यकीय उपकरण आहे, तिला मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ लागू होतात आणि आयएसओ १०९९३ नुसार जैवअनुकूलतेच्या चाचण्या कराव्या लागतात. त्याआधी ती कोणाच्याही जखमेवर लावू नका, स्वतःच्याही नाही.

प्रश्न : केशकर्तनालयातले केस फुकट मिळतात. ते का नाही?
— विद्यार्थी, ठाणे

उत्तर : त्यांत कलप लावलेले, ब्लीच केलेले, मेंदीचे आणि पिकलेले केस मिसळलेले असतात. एकदा मिळालेला निकाल दुसऱ्या पोत्यातून येणार नाही.

प्रश्न : आठवीच्या मुलांना मेलॅनिन दाखवण्यासाठी सोपा प्रयोग सुचवा.
— शिक्षिका, बारामती

उत्तर : दाहक अल्कली आणि जिवाणू संवर्धन दोन्ही शाळेत नको. ऑटोक्लेव्ह करून आणलेली किंवा दुकानातली स्वच्छ, न रंगवलेली काळी लोकर घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली काळा आणि पांढरा तंतू पाण्याच्या थेंबात शेजारी ठेवून दाखवा. मग ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे दोन-तीन थेंब टाकून काळी लोकर भिजवा. हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या हव्यात, भांड्यावर झाकण घट्ट नको. काही तासांत ती तपकिरी, मग पिवळसर होते. दर तासाला एक तंतू काढून पाहिला तर रंगाचे कण फिके पडत जाताना दिसतात, तंतू मात्र शाबूत राहतो. कपड्यांचे ब्लीच वापरू नका, त्यात लोकरच विरघळते. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया पडला तर विषारी वायू होतो.

प्रश्न : तुलनेसाठी शुद्ध मेलॅनिन विकत घेणे परवडत नाही. माकूलच्या शाईचे चालेल का?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, मडगाव

उत्तर : उत्तम चालेल. माकूल या समुद्री प्राण्याची शाई हा युमेलॅनिनचा जुना आणि नीट अभ्यासलेला स्रोत आहे, आणि गोवा-कोकणात ती ताजी मिळते. बर्फावर आणलेल्या माकूलची शाईची पिशवी न फोडता काढा, थंड डिस्टिल्ड पाण्यात शाई पिळा, बारीक कापडातून गाळा, १०,००० जी वर सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे पाणी रंगहीन होईपर्यंत पाच-सहा वेळा धुवा. कण सुमारे १५० नॅनोमीटरचे, गोल असतात. केसांतले कण लांबट आणि मोठे, म्हणजे सारख्या वजनाला पृष्ठभाग सारखा नसतो, हे तुलनेत लक्षात ठेवा. समुद्रातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यावर बसलेले असते. धातू धरण्याच्या प्रयोगासाठी वापरणार असाल तर ते १० मिलिमोलर ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाने काढा आणि ईडीटीए नंतर पूर्ण धुऊन टाका, कारण तो जिवाणूंचे आवरणही कमजोर करतो. गोठवून ठेवलेल्या माकूलची शाई घेऊ नका. पेशी फुटून त्यांतली प्रथिने कणांवर चिकटतात आणि २८० नॅनोमीटरचा उंचवटा कितीही धुतले तरी जात नाही.